रब्बीआधी पाण्याचा ताळेबंद मांडताना

आमच्यासारख्या अवर्षणप्रवण गावात पाण्याचा ताळेबंद, म्हणजे गावात किती पाणी आलं आणि किती लागणार याचा हिशेब, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे आलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. एकदा गव्हाचं बियाणं घरात येऊन पडलं की आकडे कितीही खरे असोत, पेरा बदलायला कुणी तयार होत नाही.

जमेची बाजू सोपी. एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. शिवार ९०० हेक्टर आणि पाऊस ४५० मिमी धरला तर ४० लाख ५० हजार घनमीटर! सभा खूश होते. पण यातलं बरंचसं उडून जातं, काही खरिपानं पिऊन टाकलेलं असतं, काही ओढ्यानं शिवाराबाहेर गेलेलं. काळ्या पाषाणात खाली झिरपतं ते थोडंच. म्हणून माझा भर विहिरींवर.

गडबड होते ती इथेच. मोटारी रात्रभर बंद ठेवून सकाळी पातळी घ्यायची. उपसा चालू असताना घेतली तर भरलेली विहीरही खोल गेलेली दिसते. टेपला वजन बांधून कठड्यापासून मोजायचं आणि कठड्याची उंची वजा करायची. दरवर्षी त्याच विहिरी, तीच खूण. आपल्याकडे बोअर किती हे लोक सांगत नाहीत, त्यासाठी कृषिपंपांच्या वीजजोडण्यांची यादी घेऊन शिवारफेरी करावी लागते.

खर्चात आधी पिण्याचं पाणी. माणशी रोज ५५ लिटर धरले तर १,५०० लोकांना वर्षाला सुमारे ३०,००० घनमीटर. पाटानं भिजवलेला गहू हेक्टरी साधारण ४,५०० घनमीटर घेतो. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी जेमतेम सात हेक्टर गहू पितो. मी हेच फळ्यावर लिहितो. मग बोलणं आपोआप ज्वारी-हरभऱ्याकडे वळतं. हिवरे बाजारनं असाच हिशेब मांडून पिकं ठरवली, शेतीसाठी बोअरवर बंदीही घातली.

ग्रामसभेच्या गणपूर्तीला, म्हणजे सभा ग्राह्य धरायला, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडा लागतो. महिला सभा आधी घ्या. टँकरची झळ बायकांना बसते आणि त्या नेमकं बोलतात. ‘पाणी काटकसरीने वापरावे’ असला ठराव कुचकामी. कोणत्या विहिरी पिण्यासाठी राखीव, पातळी किती फुटांवर गेली की शेतीचा उपसा बंद, पातळी कोण मोजणार, हे इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या. जानेवारीत पुन्हा मोजणी करा आणि उन्हाळी पिकाचा निर्णय त्या आकड्यावरच घ्या.