‘तरी’चं ओझं

अकरावीच्या चाचणीचे एकोणसत्तर पेपर तपासत होतो. पन्नासच्या वर पोरांनी एकच वाक्य लिहिलेलं: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी प्लेड.’ कॉपी म्हणावी, तर बैठका निरनिराळ्या खोल्यांत.

दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर लिहून ‘बट’वर काट मारली. माझं नेहमीचं पालुपद: ‘ऑल्दो’नं काम भागलंय, पुन्हा ‘बट’ कशाला? मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, वाक्य अर्धवट वाटतंय.”

त्याला पुढं बोलावून खडू दिला. त्यानं लिहिलं, ‘जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही खेळलो.’ म्हटलं, “‘तरी’ पूस.” पुसला. वाक्य लंगडं झालं, वर्ग हसला. “आता तो परत लिही आणि ‘जरी’ पूस.” ‘पाऊस पडत होता, तरी आम्ही खेळलो.’ ठणठणीत!

सतरा वर्षं शिकवतोय, पण हे मलाही तेव्हाच लख्ख दिसलं. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा. आपण पहिला खुशाल गाळतो, दुसरा सोडत नाही. ‘तू आलास तर मी येतो.’ इंग्रजीत नेमकं उलटं: ‘इफ’ हवाच, ‘देन’ नसला तरी अडत नाही. (‘ऑल्दो’मागून ‘येट’ आलेला जुन्या व्याकरणांत दिसतो, तो खपतो. ‘बट’ नाही.)

‘नॉट ओन्ली’ला मात्र मराठीच धावून आली. एकीनं लिहिलेलं, ‘शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कन्नड.’ सोलापूरकडची पोरं, उदाहरण असंच येणार. विचारलं, “‘च’ कुठं लावशील?”

“मराठीच नव्हे तर कन्नडही.”

“मग ज्या शब्दाला ‘च’, त्याच्या अगदी अलीकडे ‘नॉट ओन्ली’.”

तिनं खोडून लिहिलं, ‘शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कन्नड.’

तास संपल्यावर तीच दारात थांबली. “सर, पालकसभेची नोटीस तुमच्याच अक्षरात आहे ना?”

बोर्डापाशी गेलो. ‘बोथ पेरेंट्स अ‍ॅज वेल अ‍ॅज स्टुडंट्स मस्ट अटेंड.’ ‘बोथ’चा जोडीदार ‘अँड’, हे मीच दरवर्षी घोकून घेतो! निमूटपणे लाल पेन काढलं, ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ खोडून वर ‘अँड’ लिहिलं.

“झालं?”

“‘बोथ’ पण काढा ना, सर. मी घरी वाचून दाखवलं, तर आईला वाटलं, बाबांनीही यायलाच पाहिजे. ते पुण्याला असतात.”