काचबिंदू, मरगळ आणि दोन ओपीडींमधला कागद

माझे वडील 74 वर्षांचे, काचबिंदूला 9 वर्षं झाली. आमच्या बेळगाव-खानापूरकडची म्हातारी माणसं 'उदास वाटतंय' म्हणत नाहीत. 'करमत नाही', 'तोंडाला चव नाही', पहाटे तीनला झोप मोडते, एवढंच सांगतात. आणि घरचे म्हणतात, वय झालं, नजर कमी झाली, असंच व्हायचं. तिथेच महिने जातात.

बाबा बाजारात जायचे बंद झाले, त्यामागे मरगळ तर होतीच, पण डोळाही होता. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, मधली बरीच टिकते. त्यामुळे पेपर वाचता येतो, पण गणपत गल्लीत बाजूने येणारी स्कूटर दिसत नाही. ती भीती खरी आहे, तिला औषध नाही. सोबत एक माणूस आणि पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी, एवढं लगेच करता येतं.

मग थेंब. डोळ्यातला दाब कमी ठेवणारं टिमोलॉल डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात उतरतं. नाडी मंदावते, थकवा येतो, काहींचं मनही खचतं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, दुसरं औषध पाच मिनिटांनी. नाडी मोजून ठेवायची. थेंब मनाने बंद करायचे नाहीत, दाब वाढला की गेलेली नजर परत येत नाही. आमच्या डॉक्टरांनी टिमोलॉल बदललं. थकवा कमी झाला, झोप मात्र तशीच.

पुढची पायरी नैराश्य ओळखायची, वृद्धांसाठीची 15 प्रश्नांची हो-नाही यादी. पाचाच्या वर गुण गेले की नीट तपासणी करायची. आमच्या हाती फॉर्म कन्नडमध्ये आला. मी जमेल तसं मराठीत विचारलं, "बाबा, आयुष्य रिकामं वाटतं का?" ते म्हणाले, "रिकामं कसं? घर भरलंय की!" मग "दिवस जाता जात नाही असं होतं का?" विचारलं, तर मान खाली. शब्दशः भाषांतर इथे घात करतं.

मनोविकार विभागात पहिला प्रश्न आला, काचबिंदू कोणत्या प्रकारचा? फाइलीत नुसतं 'काचबिंदू'. परत डोळ्यांच्या ओपीडीत जावं लागलं. डोळ्यातला कोन, म्हणजे आतलं पाणी बाहेर जायची वाट, अरुंद असेल तर नैराश्यावरच्या अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांनी डोळ्यातला दाब एकाएकी चढू शकतो. म्हणून आधीच कागदावर लिहून घ्या: कोन उघडा की अरुंद, लेसरने छिद्र केलंय का, शेवटचा दाब किती, सगळे थेंब आणि गोळ्या. दाबासाठी असिटाझोलामाइड चालू असेल तर तेही, त्याने थकवा येतो. रक्तात थायरॉइड, बी12 आणि सोडियम.

नैराश्यावरचं सर्ट्रालिन 25 मिलिग्रॅमवर सुरू झालं. वृद्धांत सोडियम उतरू शकतं, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. पहिल्या आठवड्यात मळमळ, गोळी सोडायचा हट्ट. फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, हे आधीच सांगून ठेवायला हवं होतं. डोळा लाल होऊन दुखला, दिव्याभोवती वलयं दिसली, उलटी झाली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.

'मेलेलं बरं' असं तोंडून आलं तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आमच्याकडून तासा-दीड तासावर आहे, कागद सोबत न्या.