दिवसभर एकटंच बोलत असत्यात

आज काम लई झालं. फौंड्रीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो मी, आणि ते आता बहुतेक बोलूनच: मी बोलायचं, लॅपटॉपनं लिहून घ्यायचं. कितीतरी दिवस रखडलेलं रिजेक्शन रिपोर्टचं, म्हणजे किती माल खराब निघाला त्याचं, पान जेवायच्या आत उठलं, उद्यमनगरच्या दोघा कस्टमरांना उत्तरं गेली, शिरोलीच्या पार्टीचं कोटेशनसुद्धा खोलीत फेऱ्या मारत मारत झालं. कीबोर्डला हात लागला तो पासवर्ड नि रकमा टाकायला. खूश व्हायला पाहिजे, आणि होतोच की, चारपर्यंत.

चारला पाण्याची बाटली भरायला निघालो तर जिन्यातच वहिनींचा आवाज, फोन चालू होता, गडहिंग्लजला, त्यांच्या आईशी. "नाही ओ, तब्येत बरी हाय की. फक्त दिवसभर एकटंच बोलत असत्यात वर." एवढंच. मग लगेच मिरच्या, ब्याडगी काय भावानं मिळाली आणि कुणी कुणाला फसवलं. मी रिकामी बाटली घेऊन तसाच वर आलो आणि त्यानंतर बराच वेळ काही डिक्टेट करता आलं नाही. टाइप केलं. तेही बटणं हळू दाबत.

आता यात वाईट वाटण्यासारखं काय ते मला सांगता येत नाही म्हणून लिहितोय. वहिनी वाईट बोलल्या नाहीत. खोटं तर अजिबातच नाही. पण तब्येतीचं उत्तर दिलं म्हणजे तिकडनं आधी प्रश्न आला असणार. गडहिंग्लजात बसून कुणीतरी माझी चौकशी करतंय, की बरे आहेत ना हो ते. म्हणजे त्याच्याही आधी कधीतरी काहीतरी बोलणं झालेलं असणार. हे असं मागं मागं जात बसलो.

डिक्टेशन मी काही हौसेनं सुरू केलेलं नाही. मनगट दुखायला लागलं, डॉक्टर म्हणाले टाइपिंग कमी करा, मी म्हटलं मग खाऊ काय. धंद्यातला पार्टनर पुण्याला गेल्यापासून कोड मीच लिहायचा, फोन मीच घ्यायचे, बिलं मीच करायची आणि बिलांच्या मागं पण मीच लागायचं, त्याबद्दल परत लिहीत बसत नाही. हिशोब साधा होता. साधारण माणूस टाइप करतो मिनिटाला ४० शब्द आणि बोलतो १३० ते १५०. स्टॅनफर्डमध्ये २०१६ साली मोबाईलवर तपासून बघितलेलं, तर इंग्रजीत बोलून लिहिणं टाइप करण्याच्या जवळजवळ तिप्पट वेगानं झालं. ते वाचून मी मनाशी धरलं होतं की चला, एका माणसात तीन माणसं बसली. पण त्या लोकांना वाक्यं आयती दिलेली होती, ती नुसती मोबाईलमध्ये घालायची. इथं वाक्य माझं मलाच शोधायचं असतंय, आणि शोधताना जे काय 'म्हणजे, नाही, थांब, तसं नको, मग कसं' चालतं ते सगळं मोठ्यानं. टाइप करताना पण हे व्हायचंच, पण मनात व्हायचं, घराला पत्ता नसायचा.

म्हणजे वहिनी ऐकतात ते माझं काम नव्हे, कामाच्या आधीचं ऐकतात. हे लक्षात आल्यावर जास्तच कसंतरी झालं.

त्यात घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. वरची खोली म्हणजे पत्रा, त्याखाली प्लायवूड, आणि एका बाजूची भिंत शेजारच्या आप्पांची नि आमची एकच. त्या एआयवाल्या आंद्रेई कारपथीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हाइब कोडिंगचं, म्हणजे नुसतं सांगून एआयकडनं कोड लिहून घ्यायचं, लिहिलं तेव्हा त्यानंही सांगितलेलं की तो बोलूनच सांगतो, कीबोर्डला हात जेमतेमच लागतो. तो सुट्टीतल्या गमतीच्या प्रोजेक्टांबद्दल लिहीत होता हे सगळे सोयीनं विसरतात, मी पण विसरलो. शिवाय त्याच्या भिंतीपलीकडं आप्पा नाहीत. इथं मी एजंटला, म्हणजे माझा कोड लिहिणाऱ्या एआयला, "नाही नाही, ते चलन डिलीट करू नको" म्हणून ओरडलो की पलीकडनं खोकला येतो.

सगळंच बोलून होतं असंही नाही. प्रत्यक्ष कोड मी बोलत नाही, ब्रॅकेट उघड, अंडरस्कोर, ब्रॅकेट बंद असं म्हणत बसलो तर घरचे खरंच डॉक्टरला बोलावतील. जीएसटी नंबर आणि रकमा पण हातानंच. बोलायचं ते एजंटला काय करायचं ते, कस्टमरला काय झालंय ते, आणि स्वतःला मी हे का करतोय ते. शेवटचं कुणी मागितलेलं नसतं पण निघतं.

बोललेलं लिहून घेतं ते मॉडेल ओपनएआयचं व्हिस्पर, लॅपटॉपवरच चालतं, नेट लागत नाही. सप्टेंबर २०२२ ला आलं, कुणालाही घेता येईल असं सोडलेलं, ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवलेलं. एवढ्या तासांत फौंड्री किती असणार आणि कोल्हापुरी इंग्रजी किती. माझ्या तोंडात हीट आणि हिट एकच, त्याला बिचाऱ्याला काय कळणार. म्हणून आधी शब्दांची यादी द्यायची सोय असते ती भरून ठेवलीय: हीट नंबर (हीट म्हणजे एका वेळी वितळवलेला धातूचा घाणा), कोअर, पॅटर्न, फेटलिंग, ब्लो होल (ओतीव मालात हवेनं पडलेलं भोक), सगळे फौंड्रीतले शब्द. ही यादी कितीही लांबवता येत नाही, शेवटची २२४ टोकनंच, म्हणजे शब्दांचे तुकडे, बघितली जातात, म्हणजे कुठला शब्द ठेवायचा नि कुठला काढायचा हे पण एक कामच.

आणि इंग्रजीवर लॉक करून ठेवलं की मराठी कानावर पडली तरी त्याचं इंग्रजी करून ठेवायला बघतं. एकदा मी शिफ्टच्या स्क्रीनबद्दल सांगत होतो तेवढ्यात खालनं हाक आली, "भाऊजी, जेवायला या, आमटी निवालीया." मी बोलत राहिलो, न वाचता पाठवून दिलं. एजंटचं उत्तर आलं की करी थंड होतीय याची नोंद घेतली, शिफ्टमध्ये जेवणाच्या सुट्टीचा कॉलम हवा आहे का. मी नको म्हटलं. खरं तर फौंड्रीवाल्यांना तो कॉलम लागतोय, पण ते नंतर बघू.

हे असलं हसण्यावारी नेता येतं. खटकतं ते गप्प बसल्यावरचं. या मॉडेलांना गप्प बसलेला माणूस कळतच नाही. आवाज तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यात घेतात, एखाद्या तुकड्यात कुणी बोललंच नसलं तरी काहीतरी लिहिल्याशिवाय त्यांना राहवत नाही, आणि व्हिडिओंच्या सबटायटलांतून शिकल्यामुळं असेल, पण बऱ्याचदा तिथं 'थँक यू' येतं. आज जिन्यातून वर आलो तेव्हा माईक चालूच राहिलेला. मी नुसता बसून होतो. पंखा, आणि लांब कुठंतरी भंगारवाल्याचा भोंगा. स्क्रीनवर बघतो तर थँक यू. थोड्या वेळानं परत थँक यू. कशाबद्दल बाबा.

मग मात्र वाईट वाटून घेतलं, नीट वेळ काढून. दिवसभर एवढं बोलतोय त्यातलं माणसाशी किती? कस्टमरचं उत्तर असलं तरी ते आधी मशीनला सांगायचं, मशीन नीट करून देणार, मग कस्टमरला. कस्टमर 'ओके' म्हणणार, तेही अंगठा दाखवून. शिरोलीवाल्यांची ट्रायल संपून केव्हाच झालं, ते अजून वापरतायत, पैसे मागायचा मेसेज मात्र बोलूनही जमत नाही आणि टाइप करूनही नाही. आणि रात्री जेवायला बसलो की घसा बसलेला असतो, दादा काहीतरी विचारतो, मी 'हं' म्हणतो आणि ताटावरनं उठतो. घरानं माझा आवाज दिवसभर ऐकायचा आणि त्यात घरच्यांसाठी एक वाक्य नाही. वहिनींना हेच म्हणायचं असेल का? का मीच उगंच ताणतोय, त्यांना फक्त लवकर मिरच्यांवर यायचं होतं?

साडेसातला वळीव आला नि लाइट गेली. नेट गेलं म्हटल्यावर वर बसून उपयोग नाही, खाली येऊन सोप्यात टेकलो. अंधारात दुसरं काम नाही म्हणून ऐकत बसलो तर दादा इन्व्हर्टरपाशी उभा राहून इन्व्हर्टरला म्हणत होता, "आत्ताच मरायचं हुतं व्हय तुला?" आत वहिनी चार्जिंगची बॅटरी शोधत, "इथंच तर ठेवलेली, ह्या घरात एक वस्तू जाग्यावर ऱ्हाईल तर शपथ." पलीकडं आप्पांचा सेलवरचा रेडिओ, बातम्या चालू, आणि प्रत्येक बातमीला आप्पांचं उत्तर. "तर तर. झालं मग. करा काय करायचं ते." लाइट असली की हीच उत्तरं टीव्हीला मिळतात. अख्खी गल्ली एकटी बोलालीया आणि चौकशी फक्त माझी.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. जरा चिडायला पण आलं, की मग गडहिंग्लजला दादाच्या इन्व्हर्टरचं का नाही सांगितलं. पण बरंच वाटलं जास्त.

फरक एवढाच की ह्यांच्या बोलण्याची कुठं नोंद राहत नाही आणि माझं सगळं फाईलमध्ये पडतंय. बॅटरी होती म्हणून लॅपटॉपवर परवाची एक उघडली. "सो द हीट नंबर शुड बी, नो वेट, ही सेड टू हीट्स ऑन सेम डे, ओके, सो नॉट डेट, नॉट डेट, अरे यार, नॉट डेट." हे असं पानभर. वाचून हसायला आलं. माणूस भ्रमिष्ट वाटतोय, पण चुकीच्या रस्त्याला लागलेला वाटत नाही. कारण त्या 'नॉट डेट'मधूनच ते सापडलं होतं: एका दिवशी दोन हीट निघाल्या की रिपोर्ट दोन्हींचं रिजेक्शन एकात मोजायचा, आणि मग ब्लो होल नेमके कुठल्या हीटचे ते कुणालाच सांगता यायचं नाही, मोल्डिंगवाला मेल्टिंगवर ढकलणार नि मेल्टिंगवाला मोल्डिंगवर. टाइप करत बसलो असतो तर हे इतक्या लवकर सुचलं नसतं. असं आपलं मला वाटतंय, सिद्ध कोण करणार.

दार लावून बोलत जावं का, असा पण विचार केला. पत्र्याखाली मे महिन्यात दार लावून. नको.

लाइट अजून यायची होती तेव्हा वहिनी बाहेर येऊन बसल्या. मी म्हटलं आता काहीतरी विचारतील, तब्येतीचं. तर म्हणाल्या, "भाऊजी, ते तुमचं बोलून लिहायचं माझ्या मोबाईलवर बसतंय काय? मसाल्याच्या ऑर्डरींला. हात तिखटाचे असत्यात, टाइप कसं करायचं."

म्हटलं ते बसवायला कशाला पाहिजे, कीबोर्डवरच माईक असतोय, मराठी तर २०१७ पासून चालतंय. दाखवलं. त्यांनी मोबाईल तोंडाशी धरला आणि ट्रंक कॉल लागल्यागत ओरडल्या, "ताराबाई पार्कच्या काकी, दोन किलो, तिखट जास्त, लसूण कमी." बरोबर उमटलं. मग मिरच्यांचं घालून बघितलं. ब्याडगी आली, लवंगी आली, संकेश्वरीचं मात्र सोमेश्वर झालं. "सोमेश्वर न्हवं रे, संकेश्वरी!" हे रागावणं पण जसंच्या तसं खाली उमटलं, आणि तिथंही सोमेश्वरच दोनदा. दादा तिकडनं हसाय लागला तर त्याला पण मोबाईलमधूनच ऐकवलं.

मी म्हटलं, वहिनी, ऑर्डरींचं एक पानच करून देतो, तुम्ही नुसतं बोलायचं, नाव वेगळं, किलो वेगळे, तिखट-लसूण वेगळं असं आपोआप पडेल, आणि मिरच्यांची नावं यादीत घालतो म्हणजे चुकणार नाही. फेटलिंगच्या खाली संकेश्वरी बसेल आता.

"कितीला?"

"घरच्यांना कसले पैसे. फुकट."

"फुकट दिऊन दिऊनच तुमचं असं झालंय," वहिनी म्हणाल्या. "महिन्याला पन्नास लावा. पर मला बिल पाहिजे."