तुम्ही विचारलंत म्हणून: दोन-अडीच हजारांत गेमिंगचा हेडसेट

परीक्षा संपल्या की सोसायटीतली मुलं आणि त्यांच्या आया मला एकच प्रश्न विचारतात: "काका, दोन-अडीच हजारांत गेमिंगसाठी कुठला हेडसेट घ्यावा?" मॉडेल सतत बदलतात, म्हणून मी नाव सांगत नाही. पण एवढ्या बजेटमध्ये पैसे माइक आणि कानावरच्या गादीसाठी मोजावेत, खोक्यावरच्या आकड्यांसाठी नाही, हे माझं ठाम मत आहे.

खोक्यावर '7.1 सराउंड' (म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज) छापलेलं असलं, तरी या किमतीत आत बहुधा दोन कानांना दोनच स्पीकर असतात. बाकी सगळं सॉफ्टवेअर करतं. गेममध्ये शत्रूची पावलं कुठून वाजताहेत ते साध्या स्टिरिओतही नीट कळतं. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये तर त्यासाठी एचआरटीएफ नावाची सेटिंगच आहे. ती चालू केली की हेडसेटचं 7.1 बंद करा, नाहीतर दोन्हींच्या गोंधळात दिशा चुकते.

ब्लूटूथ नकोच. गोळी आधी दिसते, आवाज मागून येतो. शिवाय माइक सुरू झाला की बहुतेक ब्लूटूथ हेडसेट फोनकॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाज एकदम चेपतो. वायरचाच घ्या.

पण वायरची पिन बघून. पीसीला बऱ्याचदा हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिना लागतात. मोबाइलला आणि पीएस5 या गेम कन्सोलच्या कंट्रोलरला एकच, तीन काळ्या रेघांची. काही स्वस्त हेडसेटना सोबत यूएसबीही असते आणि ती फक्त दिवे लावते! त्या दिव्यांचे पैसे आपणच भरतो, याचा मला खरंच राग येतो.

आता आपल्या घरांचं. वन-रूम-किचनमध्ये पंखा पाचवर, कुकरची शिट्टी, शेजारी आजीची मालिका. सगळं टीममधल्यांच्या कानात जातं. म्हणून माइक दांडीचा हवा, ओठांच्या कोपऱ्यापर्यंत वळणारा. घरी आल्यावर पंखा चालू ठेवून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि ऐका.

गादी शक्यतो कापडी बघा. मुंबईच्या दमट हवेत रेक्झिनची गादी घामाने सुटते, काळे पापुद्रे कानाला आणि मानेला चिकटतात. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास असेल तर उत्तम. मूल चष्मा लावत असेल तर हेडसेट घट्ट बसत नाही ना, हे सगळ्यात आधी बघा, कारण घट्ट हेडसेट चष्म्याची काडी कानशिलात रुतवतो.

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. ग्रँट रोडला उतरून चालत जा, मुलाला सोबत न्या आणि दुकानात दहा मिनिटं हेडसेट डोक्यावर ठेवायला सांगा. दुकानदार घाई करेल, करू दे. वॉरंटीसाठी जीएसटीचं बिल मागा आणि त्याच मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात का, तेही तिथेच विचारून घ्या.