कुंडीतला मसूर: पहिल्या हंगामाची नोंद

हा उद्योग आईच्या मोतीबिंदूपासून सुरू झाला. ऑपरेशनच्या कागदावर ‘फेको’ लिहिलं होतं आणि बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या मी त्या शब्दाच्या मागे लागले. पूर्ण नाव फेकोइमल्सिफिकेशन. चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ साली ही पद्धत पहिल्यांदा वापरली. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग अल्ट्रासाउंडने फोडायचं आणि ओढून घ्यायचं. त्यातला ‘फाकोस’ हा जुना ग्रीक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ मसूर. आजही ग्रीक घरांत मसुराच्या सुपाला ‘फाकेस’ म्हणतात. आत बसवतात ती ‘लेन्स’, तर लॅटिनमध्ये लेन्स म्हणजेसुद्धा मसूरच. थोडक्यात, आईच्या डोळ्यातून एक मसूर काढला आणि प्लास्टिकचा दुसरा बसवला.

घरी आल्यावर आधी डबा उघडला. अख्खा मसूर चिमटीत धरून कडेने बघा: दोन्ही बाजूंनी फुगीर, कडेला निमुळता, शाळेतलं बहिर्वक्र भिंग. लाल डाळीचा दाणा एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. एकाच डब्यात भिंगाचे दोन प्रकार. मग ठरवलं की हे झाड बघायचंच. इतकी वर्षं आमटी ओरपली, पण मसुराचं झाड कसं दिसतं ते मला सांगता आलं नसतं.

दिवस ०, २ नोव्हेंबर. गच्चीत दोन लांबट कुंड्या, अर्धी माती, अर्धं शेणखत आणि वाळू. वाण्याकडचा बारीक मसूर रात्रभर भिजवून ४० दाणे टोकले. (डाळ पेरू नका. सोलून भरडलेली डाळ उगवत नाही, तिचा अंकुर गिरणीतच गेलेला असतो.) शेजारचे काका म्हणाले, पुण्यात कुठे मसूर होतो? महाराष्ट्रात आज तो खरंच फार कमी होतो. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल ही त्याची घरं. पण डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला जे उत्खनन केलं, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या जळक्या धान्यात गहू, बार्ली आणि कुळथाबरोबर मसूरही निघाला. काकांना एवढं सांगितलं आणि झारी घेतली.

दिवस ७. ४० पैकी ३१ वर आले. वाल, घेवडा उगवताना दाण्याच्या दोन पाकळ्या डोक्यावर घेऊन येतात. मसूर तसं करत नाही. दाणा मातीतच राहतो आणि वर नुसता हिरवा दोरा येतो, हरभऱ्यासारखा. हे निव्वळ कुतूहल म्हणून लिहून ठेवलं होतं, पाच दिवसांत त्याचा उपयोग कळला.

दिवस १२. चिमण्यांनी ११ रोपांचे शेंडे साफ खुडले. मी उपटून टाकणार होते, पण कंटाळा केला. आठवड्याने त्यातल्या नऊ बुडख्यांना मातीच्या आतून नवे कोंब आले. खालचे डोळे जमिनीत सुरक्षित असतात, त्यामुळे वरून कापलं तरी झाड पुन्हा फुटतं. आळसाचा एवढा चांगला परतावा मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला.

दिवस ३०. दहा रोपं गेली, आणि दोष सगळा माझा. अळूला घालते तितकंच पाणी यांनाही घालत होते. खोडाचा तळ काळा, रोप उपटलं तर मूळ हातात लिबलिबीत. मसूर थंडीतल्या दवावर आणि मातीच्या ओलीवर वाढणारं पीक आहे, त्याला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत. उरली १९. त्यानंतर बोट मातीत खुपसून वरचं पेर कोरडं लागलं तरच पाणी.

फुलं येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून शब्द गोळा केले. कुंड्यांपेक्षा हे पीक जास्त आलं.

भिंग आणि मसूर एकच शब्द असलेल्या भाषा मोजायला लागले तर वहीचं पान भरलं. जर्मन लिन्झं, हंगेरियन लेन्चे, दोन्ही दोन्ही अर्थांनी. अरबीत मसूर ‘अदस’ आणि भिंग ‘अदसा’. हिब्रूतही एकाच शब्दावर भागतं. सगळ्यात मजा फारसीची: ‘अदसी’ म्हणजे सकाळी खायचं मसुराचं दाट सूप, आणि अदसी म्हणजे कॅमेऱ्याची लेन्ससुद्धा. आपलं भिंग मात्र या डाळीत पडलं नाही.

मग आपल्याकडच्यांना मसुरात काय दिसलं? फोड दिसला. संस्कृत वैद्यकात अंगावर मसुराएवढ्या पुळ्या उठणाऱ्या रोगाला ‘मसूरिका’ म्हणतात, देवीच्या रोगालाही हेच नाव. इथवर ठीक. पण अरबांकडे पाहा: तांदूळ, अख्खा मसूर आणि वर करपेपर्यंत तळलेला कांदा, या खिचडीचं नाव ‘मुजद्दरा’. अर्थ, देवीचे व्रण असलेली. पांढऱ्या भातात तपकिरी ठिपके. आपण रोगाला डाळीचं नाव दिलं, त्यांनी डाळीच्या पदार्थाला रोगाचं. हे सापडलं त्या रात्री मी नवऱ्याला उठवून सांगितलं. त्याने कूस बदलली.

लॅटिनमध्ये कातडीवरच्या डागाला ‘लेन्टिगो’, तोही मसुरावरूनच. मराठीत आपण त्याच जागी तीळ म्हणतो. धान्य बदललं, खोड तीच.

खालच्या मजल्यावरच्या तमिळ मामी मसूर डाळीला ‘मैसूर परुप्पु’ म्हणतात. मसूरचं मैसूर कानामुळे झालं असणार, गावाचा काही संबंध नाही. खुद्द मैसूरच्या कन्नडमध्ये तिला ‘चन्नंगी बेळे’ म्हणतात. आणि ज्यांच्या घरी रुद्र-चमक होतं त्यांनी पुढच्या वेळी कान द्या: ‘गोधूमाश्च मे मसुराश्च मे’. यजमान देवाकडे गव्हाच्या पाठोपाठ मसूर मागतो. तोच मसूर माझी आजी चातुर्मासात घरात आणू देत नसे.

दिवस ५४. पहिलं फूल. वीतभर झाड, पिसासारखी पानं, टोकाला दोऱ्याएवढा तणावा. फूल तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं, पांढरं, वरच्या पाकळीवर फिकट जांभळ्या रेघा. मधमाशीची वाट पाहू नका. फूल उमलण्याआधीच आतल्या आत फलन उरकलेलं असतं.

दिवस ७०. शेंगा. चपट्या, नखाएवढ्या, प्रत्येकीत एक किंवा दोन दाणे, तिसरा नाही. कोवळी शेंग सकाळच्या उन्हासमोर धरली की हिरव्या पातळ सालीतून दोन गोल शेजारी शेजारी दिसतात. चष्माच. फोटो काढायला गेले तर माझ्या फोनची लेन्स एवढ्या जवळून फोकस करेना. मावा तीन झाडांवर आला, तो पाण्याच्या फवाऱ्याने आणि बोटांनी काढला.

दिवस ९८. खालच्या शेंगा तपकिरी होऊन वाजायला लागल्या तेव्हा झाडं उपटली. दोन दिवस वाळवून गोणपाटावर लाटण्याने झोडपली, ताटात पाखडली. १९ झाडांचे २१२ दाणे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५ ग्रॅम. कराड-सांगलीकडच्या ढाब्यावर अख्खा मसूर मागवला तर एका घासात याहून जास्त जातो.

दहा दाणे सोलून पाहिले. भिजवले, वाळवले, पाट्यावर हलकेच रगडले. तपकिरी रंग नुसता सालीचा, आत तोच केशरी. शिजवल्यावर पिवळा पडतो, हे डाळ करणाऱ्यांना सांगायला नको. मुजद्दरासाठी मात्र वाण्याचाच मसूर वापरला. कांदा तळायला वीस मिनिटं लागतात, घाई केली तर तो मऊ राहतो आणि सगळं साध्या खिचडीवर येतं.

येत्या ऑक्टोबरअखेर पुन्हा पेरणार, आठवडाभर आधी, वर चिमण्यांसाठी जाळी टाकून. बियाण्याची बाटली भरण्याआधी उरलेले २०२ दाणे आईसमोर ताटात ठेवले. नव्या भिंगाने तिला लांबचं लख्ख दिसतं, जवळचं निवडायला चाळशी लागतेच. ती लावून तिने दहा मिनिटांत सात पोचट दाणे बाजूला काढले. म्हणजे बियाणं १९५.