काळी एक परत मिळाली: बेसीच्या टेपवरचा हम

जुन्या जॅझ व्हिडिओ टेपा मी संगणकावर उतरवतोय. मागच्या वेळी लिहिलं होतं की तीन नंबरची टेप संपली, पट्टी जुळली, आता फक्त चित्राची सफाई राहिली. ते मागे घेतो. निम्मी टेप मीच बिघडवली होती आणि हे कळायला तीन आठवडे गेले.

टेपवर अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि बँडप्रमुख काउंट बेसीचे दोन तुकडे आहेत. पहिला ८ डिसेंबर १९५७ चा, अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवरच्या 'द साउंड ऑफ जॅझ' कार्यक्रमातला. तो कायनेस्कोप, म्हणजे मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा लावून सेकंदाला २४ फ्रेमने उतरवलेला. आपल्या पॅलमध्ये (आपल्याकडची व्हिडिओ पद्धत) तोच २५ ने धावतो, म्हणून सगळा बँड ७० सेंट चढा वाजतो (शेजारच्या दोन सुरांत १०० सेंट). त्यावर उपाय वेग ०.९६ पट करण्याचा. नुसता पिच, म्हणजे सूर नाही, स्पीड बदलायचा. लयही मूळ जागी येते. तो मी अख्ख्या टेपला लावला आणि खूश झालो.

दुसरा तुकडा रंगीत, सत्तरच्या दशकातला. शेवटी 'वन ओ'क्लॉक जंप' आहे. बेसी पियानोवर पांढरी चारमध्ये सुरू करतो आणि सॅक्सोफोन शिरताना पट्टी काळी एकवर जाते. आमच्या इमारतीत गोव्याचे एक अंकल राहतात, आयुष्यभर ट्रंपेट वाजवलेले. त्यांना हौसेनं ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "बाबा, हा डी फ्लॅट नाही." डी फ्लॅट म्हणजेच आपली काळी एक. आतून ट्रंपेट आणली, दुसरा आणि तिसरा व्हॉल्व्ह दाबून एक लांब सूर धरला. टेपवरचा बँड त्याच्या चांगलाच खाली होता, पांढरी एकच्या जरा वर लोंबकळत.

आधी शंका डेकवर, म्हणजे टेप चालवणाऱ्या यंत्रावर गेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या एका जुन्या दुकानातून पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) आणला (तिथले काका अजून डेकचा मॉडेल नंबर ऐकून डबा काढतात, अशी दुकानं जपा), बसवला. फरक शून्य. टेप पुन्हा कॅप्चर केली, म्हणजे संगणकात उतरवली. तोच सूर. मग कॅप्चर डोंगल (डेक संगणकाला जोडणारं छोटं यंत्र) बदलला. पट्टी हलली नाही, पण एक वेगळी गोष्ट हाती लागली: स्वस्तातला डोंगल आवाजाची पातळी आपोआप ओढत होता. बेसी दोन बोटांनी पियानो वाजवतो आणि मग पूर्ण ब्रास (ट्रंपेट-ट्रॉम्बोनचा ताफा) कोसळतो, त्यातली दरीच तो बुजवत होता. मोठ्या बँडच्या टेपांसाठी असलं यंत्र घेऊ नका.

उत्तर शेवटी हममध्ये, म्हणजे विजेच्या गुणगुणीत सापडलं. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तिचा हम स्टुडिओच्या आवाजात उतरलेला असतो. फिल्म २४ ची २५ झाली की तो ६२.५ वर सरकायला हवा. बँड चालू असताना बघण्यात अर्थ नाही, बासचा खालचा बी ६१.७ वर येतो आणि सगळं झाकतो. म्हणून वादनाआधीची दोन सेकंदांची शांतता कापली, कच्च्या कॅप्चरमधूनच, आणि ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रामात ६५,५३६ नमुन्यांचा स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झला किती आवाज, याचा आलेख) काढला. पहिल्या तुकड्यात ५० वर आपल्या डेकचा खुंट (आपली वीज ५० हर्ट्झची) आणि ६२.५ वर दुसरा. दुसऱ्या तुकड्यात तो बरोबर ६० वर! शिवाय टेपच्या हाय-फाय (उच्च दर्जाच्या आवाजाच्या) ट्रॅकवर वर १५,७३४ हर्ट्झला बारीक शिट्टी, अमेरिकन रंगीत मॉनिटरची, तीही जागच्या जागी.

म्हणजे हा तुकडा कधी फिल्मवर गेलाच नव्हता. तो व्हिडिओ टेपवरून स्टँडर्ड्स कन्व्हर्टरनं (एका देशाची व्हिडिओ पद्धत दुसऱ्यात बदलणाऱ्या यंत्रानं) पॅलमध्ये आला. तिथे फ्रेम नव्यानं रचल्या जातात, वेग तसाच राहतो. मी त्याला फुकट ०.९६ लावून ७० सेंट खाली ढकललं होतं.

काल रात्री कच्च्या फाइलवरून दुसरा तुकडा नव्यानं काढला, काही न लावता. अंकल पुन्हा आले, तोच सूर धरला, आणि सॅक्सोफोन त्यांच्या सुरात थेट येऊन बसले. त्यांनी ट्रंपेट खाली ठेवलीच नाही, पूर्ण कोरस (धुनेची एक फेरी) सोबत वाजवला.

ज्यांनी सुचवलं होतं की १९५७ च्या चित्राला एलपीचा स्वच्छ आवाज जोडा, त्यांच्यासाठी: ती एलपी ४ डिसेंबरला वेगळी रेकॉर्ड झाली, प्रसारणाच्या चार दिवस आधी. सोलो जुळणार नाहीत. कायनेस्कोपचाच आवाज साफ करायचा.

पुढे बीबीसीच्या 'जॅझ ६२५'ची टेप घेणार होतो. तिथे फिल्मही २५ ची आणि वीजही ५० ची, त्यामुळे हमवरून काही कळणार नाही. पण लिहिताना सुचलं: ६२.५ चा खुंट पूर्ण तुकड्यात कसा हलतो ते रेषेत काढलं तर फिल्मचा वाव (वेगाचा चढ-उतार, ज्यामुळे सूर डोलतो) सरळ करता येईल. बास आडवा येतो तिथे त्याच्या दुप्पट, १२५ चा खुंट धरायचा. आधी हेच करतो. बीबीसी थांबेल.