लाईट गेली तेव्हा

दुपारी अडीचला लाईट गेली आणि गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. सोलापूरच्या पूर्व भागात राहिलेल्याला ही शांतता सांगायला नको. दिवसभर खटक्-खटक् चालू असतं तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, बंद पडलं की मात्र दचकायला होतं. आमच्याकडं पाळण्यातली पोरं माग थांबले की जागी होऊन रडतात.

मी तेव्हा अंगणात गाडीचं बॉनेट उघडून उभा होतो. आमची मारुती आठशे, कार्ब्युरेटरवाली. ही गाडी 1983 च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली, 2014 च्या जानेवारीत कारखान्यात बनायची थांबली, आमच्या दारात मात्र अजून आहे. आठ दिवस तिचं आयडलिंग बिघडलेलं. उभ्या उभ्या आपली आपणच रेस व्हायची, मग दम लागल्यासारखी खाली यायची.

दारात उभी असलेली मुलगी म्हणाली, "बाबा, काहीतरी सूं वाजतंय."

"कुठं?"

"हे काय, इथं. कुकरची रिंग गेली की वाजतं तसं."

मी वाकून कान लावला. मला नुसतं इंजिन ऐकू आलं.

नळीचा एक तुकडा घेऊन तिच्या कानाला लावला आणि दुसरं टोक इंजिनवर फिरवत राहिलो. डॉक्टर मी, कान तिचे. मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरमधून सिलिंडरांकडं हवा-पेट्रोल नेणारा फाटा, जिथं इंजिनच्या हेडला चिकटतो तिथं नळी आली आणि तिनं तोंड वाकडं केलं. "इथं!" मिस्त्री लोकांच्या भाषेत गाडी 'हवा घेतंय'. इंजिननं फिल्टरमधूनच श्वास घ्यायचा, तोही मापात, एक भाग पेट्रोलला वजनानं 14.7 भाग हवा. मधल्या फटीतून चोरून हवा शिरली की मिश्रण पातळ होतं आणि गाडी अशी धापा टाकते.

मेकॅनिक चौकातल्या ओळखीच्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "सोडून जा की मास्तर, संध्याकाळपर्यंत करून देतो. कशाला हात काळे करून घेताव?" मी मास्तर नाही. टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब लिहिले. पण सोलापुरात चष्मा असला आणि शर्ट खोचलेला असला की माणूस मास्तरच. मी म्हणलं, घरीच करतो. याला काही कारण नाही. मला दुसऱ्यानं पाना लावलेला चालत नाही, एवढंच. बायकोला हा माझा सगळ्यात महागडा गुण वाटतो.

इंजिन गार करायचं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, पाणी उतरवायचं, कार्ब्युरेटर उचलून बाजूला ठेवायचा. इथवर सोपं आहे. पुढं बारा नंबरचे नट. वरचे दिसतात, हाताला येतात. खालचे नुसते बोटांनी शोधायचे, तोंड आकाशाकडे करून, आंधळ्यासारखं. एका ठिकाणी नटाबरोबर स्टडच बाहेर आला. दोन नट एकमेकांवर आवळून तो परत बसवला. तेवढ्यात शेजारचे मागवाले अन्ना कट्ट्यावरून ओरडले, "अख्खं खोललाव की हो! परत जोडायचं येतंय का?"

मॅनिफोल्ड हातात आल्यावर रोग कळला. पाण्याच्या वाटेशेजारी ॲल्युमिनियम खाऊन खाऊन खड्डे पडलेले, वर पांढरी क्षाराची साय. इतकी वर्षं मी रेडिएटरमध्ये कूलंट सोडून बोअरचं पाणी ओतत आलो. नळाला पाणी यायचा दिवस नसला की आम्ही सगळंच बोअरचं वापरतो, त्यात गाडीही आली. आमच्या बोअरच्या पाण्यानं जिथं पोरांचे केस राठ होतात तिथं ॲल्युमिनियमची काय कथा. पोलीस पेपरनं घासून भागण्यासारखं नव्हतंच. जुन्या बाजारातून दुसरा मॅनिफोल्ड आणला, त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का बघितला. आला नाही. मग पैसे दिले.

हेडला चिकटलेलं जुनं गॅस्केट खरवडणं हे खरं काम. रागानं करायचं काम नाही हे, ब्लेड जरा तिरकं लागलं की ॲल्युमिनियमवर ओरखडा. तीन सिलिंडरच्या तीन वाटांत रिजेक्ट टॉवेलचे तीन बोळे कोंबले आणि प्रत्येकाला दोरा बांधून बाहेर सोडला. एखादा बोळा आत राहिला तर पुढचं सगळं मुसळ केरात. बोळे मोजायची ही सवय अप्पांची.

अप्पा मिलमध्ये जॉबर, म्हणजे माग चालवणाऱ्यांवरचे मुकादम होते. रविवारी अंगणात जुनी चादर अंथरून स्टो, सायकल, शिलाई मशीन, जे सापडेल ते खोलून बसायचे. चादरीच्या नक्षीतल्या एकेका मोरावर एकेक स्क्रू, काढला त्या क्रमानं. मोरावर पाय द्यायचा नाही. मी पाना देणारा. अप्पा मागायचे, मी द्यायचो, आणि काही विचारायचं असेल तर त्यांच्या समोर जाऊन, त्यांनी माझ्याकडं बघितल्यावर विचारायचो. घरात सगळे तसंच बोलायचे. आम्हाला वाटायचं, बापाशी असंच बोलतात.

धोट्याच्या मागांचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. असल्या आवाजानं कान जातात ते आधी बारीक आवाजाला, 4000 हर्ट्झच्या आसपास. भोंगा ऐकू येतो, कुकरची वाफ येत नाही. ढोल ऐकू येतो, 'स' येत नाही. हे मला फार पुढं कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की मिलमधली माणसं दहा मागांपलीकडच्या माणसाशी नुसते ओठ हलवून गप्पा मारतात, आणि आईनं कितीही हळू शिवी दिली तरी अप्पांना समोरून ती बरोबर कळते. शिट्ट्या मोजायला बसवलं तर ते कुकरकडं टक लावून बसायचे.

आणि लाईट गेली की अप्पांना काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. जेवताना अंधार झाला की ते म्हणायचे, "आधी कंदील लावा, मग बोला." आम्ही पोरं खो खो हसायचो. गल्लीत जाऊन सांगायचो, आमच्या अप्पांचे कान कंदिलावर चालतात.

असो. नवीन गॅस्केट बसवलं, बोळे काढले, मोजले, तीन. नट मधून सुरू करून एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, तीन फेऱ्यांत आवळले. एकदम एकालाच पिळला तर दुसरं टोक उचलतं. पाण्याऐवजी या वेळी कूलंट ओतलं, हिरवंगार. हे सगळं होईस्तोवर सात वाजून गेले. माग परत चालू झालेले, आमच्या घरातली लाईट तेवढी नेमकी गेलेली. फ्यूज असेल. मुलगी मोबाईलची बॅटरी इंजिनवर धरून उभी.

दुसऱ्या सेल्फला गाडी उठली. थोडी खोकली, मग सरळ चालू लागली. बॉनेटवर हात ठेवला तर थरथर एकसारखी लागत होती, कुठं तुटत नव्हती. आमचं ऑफिस आणि मागांचा हॉल यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती फक्त. एकतीस वर्षं कापसाच्या धंद्यात काढली, पण कानात कापूस घालायचं कधी सुचलं नाही.

"गेला का गं आवाज?" मी विचारलं.

ती काहीतरी बोलली. समोर नुसता पांढरा झोत, त्यामागं काळोख.

"काय?"

ती परत बोलली.

"थांब," मी म्हणलं, "बॅटरी जरा तुझ्या तोंडावर धर."